तट्ट्याच्या गाडीची नात

जोतिबाच्या घाटात, गायमुखाच्या अलीकडं, चढाच्या वळणावर बॉनेटमधून वाफ यायला लागली आणि नवऱ्यानं गाडी कडेला घेतली. दिवस मावळला होता. काचा खाली केल्या तसा गोडसर उग्र वास आत शिरला. इंजिन थंड ठेवणारं पाणी कुठून तरी गळत होतं. मागच्या बाकावर मांडी घालून बसलेल्या आबांनी वास घेतला आणि विचारलं, "वंगान संपलं का काय?"

आबांचं वय एकोणऐंशी. कऱ्हाडजवळच्या आमच्या गावाहून ते पहिल्यांदा जोतिबाला आले ते सात-आठ वर्षांचे असताना, चैत्रातल्या यात्रेला, तट्ट्याच्या बैलगाडीतून. बांबूच्या कामट्यांची कमान, तिच्यावर तट्ट्या, खाली साटीत कडबा, कडब्यावर वाकळ. वाटेत तीन मुक्काम. त्या गाडीच्या कण्याखाली वंगणाची नळी टांगलेली असायची आणि चढाला लागण्याआधी चाकात वंगण घालायचंच, असा त्यांच्या वडिलांचा दंडक होता. कोरडा कणा तापला की करपल्याचा वास येतो. आबांना सत्तर वर्षांनी गायमुखापाशी तोच वास आठवला.

आमची गाडी पत्र्याची. एका बंद व्हॅनचं आम्ही फिरतं घर करून घेतलंय. आडवं झोपता येईल असे दोन बाक, एका बाजूला ओटा, ओट्याखाली पाच किलोचा सिलिंडर, नव्वद लिटरची पाण्याची टाकी, टपावर सौर पॅनेल आणि हवेसाठी झडप. मराठीत तिला अजून नाव रुळलेलं नाही. कुणी कॅम्पर म्हणतं, कुणी कॅराव्हॅन. आबा 'घरगाडी' म्हणतात. मला तोच शब्द सगळ्यात नेमका वाटतो.

या घरगाडीतून आबांना जोतिबाला न्यायचं आणि एक रात्र डोंगरावरच झोपायचं, असं ठरलं. तेही माघात, खेट्यांच्या दिवसांत. चैत्र पौर्णिमेची यात्रा ही जोतिबाची मोठी यात्रा. लाखांनी माणसं येतात, उंच सासनकाठ्या नाचतात, डोंगर गुलाबी होतो. त्या गर्दीत आबांना नेणं आता शक्य नव्हतं. खेटे मात्र जमण्यासारखे होते. माघातल्या रविवारी कोल्हापूर आणि आसपासच्या गावांतली माणसं वडणगे, निगवे, कुशिरे अशी मजल करत पायी डोंगरावर येतात. बरेच जण अनवाणी असतात. असे पाच रविवार. केदारनाथ, म्हणजेच जोतिबा, उत्तरेकडं परत निघाला, तेव्हा त्याला थांबवायला अंबाबाई स्वतः अनवाणी चालत या डोंगरापर्यंत आली, अशी कथा सांगतात. तिच्या पावलावर पाऊल म्हणून हे खेटे.

पहिला घोटाळा साताऱ्याकडून येतानाच, कऱ्हाडच्या अलीकडं झाला. गतिरोधकावर गाडी जरा जोरात आपटली आणि वरच्या कपाटाचं दार उघडलं. तुरीची डाळ, पोहे आणि हळदीचा डबा एकदमच खाली आले. सुताराकडून घेतलेली चुंबकाची कडी घरातल्या कपाटाला पुरते, रस्त्यावरच्या कपाटाला पुरत नाही. दाबल्याशिवाय सुटणार नाही असं कुलपी बटणच लागतं. आणि जड सामान कायम खाली, चाकांच्या मधोमध ठेवायचं. वर ठेवलेलं वजन वळणावर गाडीला बाहेर ओढतं. हे सगळं मी आधी वाचलं होतं, तरी डाळीचा डबा वर ठेवला, कारण तिथं तो हाताशी येतो. गावातून आबा गाडीत बसले तेव्हा मी अजून डाळ वेचत होते. त्यांनी काही न बोलता पिशवीतून सुतळी काढली आणि कपाटाच्या दोन्ही मुठी एका गाठीत बांधून टाकल्या. साटीवरची पोती बांधायची तीच गाठ. एका टोकाला ओढली की सुटते, पण धक्क्यानं सुटत नाही. परतीपर्यंत त्या दारांनी हूं की चूं केलं नाही.

कोल्हापुरात शिरून गंगावेशीत थांबायचं हा माझा हट्ट. तिथल्या दूधकट्ट्यावर संध्याकाळी म्हशी येऊन उभ्या राहतात आणि तुमच्या डोळ्यांदेखत धार काढून फेसाळ दूध पेल्यात मिळतं. आबांनी दोन पेले घेतले. ओठावरचा फेस पुसत "हितनं फुडं मला काय नको" म्हणाले. ते दूध कोमट असतं, गवतासारखा किंचित वास असतो आणि त्याची चव पिशवीतल्या दुधाशी कशानंच जुळत नाही. मात्र दुधाच्या नादात आम्ही गाडी एका बोळात घातली होती. टपावरची झडप धरून आमची उंची दोन मीटर ऐंशीच्या आसपास जाते. समोर घराघरांतून गेलेल्या वायरी तेवढ्याच उंचीवर लोंबत होत्या. मागं दोन रिक्षा. शेवटी एका दूधवाल्यानं सूत्रं हातात घेतली. "थांबा की पाव्हणं, घाई कशाला? मागं घ्या. घ्या. अजून घ्या. बास्स!" त्यानं लांब काठीनं वायर उचलून धरली, रिक्षावाल्यांनी आपापल्या रिक्षा मागं ढकलल्या, आणि दहा मिनिटांत आम्ही बाहेर. त्या दिवसापासून गाडीची उंची लिहिलेली चिठ्ठी ड्रायव्हरच्या समोर काचेवर चिकटवलीय. भाड्यानं कॅराव्हॅन घेणाऱ्यानंही पहिल्यांदा उंची विचारावी, इंधनाचा हिशेब नंतर.

पंचगंगेवरचा पूल ओलांडला की पन्हाळ्याचा रस्ता सुरू होतो. उजवीकडं-डावीकडं नुसता ऊस. इथंच जवळ प्रयाग चिखलीला कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती एकत्र येतात. पाचवी गुप्त सरस्वती धरून पंचगंगा होते. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात चिखली-आंबेवाडीची घरं पाण्यात होती. 'रेडेडोह फुटला' म्हणजे नदी या रस्त्यावरून वाहायला लागली, हे कोल्हापूरकराला वेगळं सांगावं लागत नाही. माघात मात्र याच रस्त्यावर धोका वेगळा असतो. कुडित्र्याच्या, आसुर्ल्याच्या कारखान्यांकडं ऊस नेणारे ट्रॅक्टर. मागं दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि पुष्कळदा मागं लाल दिवा नाही की चमकपट्टी नाही. अंधारात अशी ट्रॉली दिसते ती पार जवळ गेल्यावर. या बाबतीत मला राग येतो, आणि तो यावाच असं वाटतं. चमकपट्टीला पैसे किती लागतात? दर गळीत हंगामात या रस्त्यांवर माणसं जातात.

वडणगे फाट्याच्या पुढं एका गुऱ्हाळापाशी आम्ही थांबलो. चुलाणात चिपाडं ढणढणत होती, काहिलीत रस खदखदत होता आणि गुळव्या झाऱ्यानं मळी काढून बाजूला टाकत होता. रस निवळावा म्हणून त्यात रानभेंडीचं चिकट पाणी घालतात. त्याला मळ चिकटून वर येतो. कोल्हापूरच्या गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण गुऱ्हाळघरांची संख्या घटतच चाललीय. मजूर मिळत नाहीत, आणि ऊस कारखान्याला घातला की शेतकऱ्याच्या डोक्याचा ताप कमी. आम्ही बाटलीभर काकवी घेतली. गुळव्यानं पैसे घेतले ते काकवीचे. आबांच्या हातावर ठेवलेल्या गरम गुळाच्या खड्याचे नाही घेतले.

केर्लीच्या फाट्यावर पन्हाळ्याचा रस्ता सुटतो आणि जोतिबाचा घाट लागतो. कोल्हापूरपासून डोंगरमाथा जेमतेम वीस किलोमीटर. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ३१०० फूट. म्हणजे खालच्या शेतांपासून हजारेक फूट चढायचं, आणि तेही थोड्या अंतरात. साध्या मोटारीला यात काही नाही. आमच्यात मात्र नव्वद लिटर पाणी होतं, म्हणजे नव्वद किलो. त्यात लाकडी कपाटं, बॅटरी, सिलिंडर, अंथरुणं आणि आम्ही तिघं. वर पाणी मिळतंय हे माहीत असताना टाकी खालून भरून न्यायची गरज नव्हती. ट्रॅक्टरमागं पहिल्या-दुसऱ्या गिअरवर रांगत आलो होतो, इंजिन आधीच तापलेलं. गायमुखाच्या अलीकडं ते बोललं.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नसतं. आत दाबाखालचं उकळतं पाणी असतं, हात-तोंड भाजतं. बॉनेट उघडून वाट बघत बसायचं, एवढंच करायचं. आम्ही चाकांमागं दोन धोंडे लावले आणि बसलो. तोवर अंधारातून आवाज येऊ लागले. शनिवारी संध्याकाळीच निघालेली खेटेकरी मंडळी. कुणाच्या हातात बॅटरी, कुणाच्या खांद्यावर पोर. प्रत्येक घोळका जवळ आला की "चांगभलं!" आणि आबांचं त्याला तेवढंच मोठ्यानं "चांगभलं!" एका घोळक्यातला तरुण थांबला. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, पायात काही नाही. "काय झालं, काका?" म्हणत त्यानं मोबाइलचा उजेड आत मारला. दोन मिनिटं नुसता बघत राहिला. मग म्हणाला, "होजपाइपाची क्लिप ढिली झाल्या. पाइप चांगलाय."

तो गाड्यांचं काम करणारा होता. गॅरेज बंद करून खेट्याला निघालेला. आमच्याकडच्या स्क्रू-ड्रायव्हरनं त्यानं क्लिप आवळली. इंजिन निवल्यावर, फडकं धरून, थोडं थोडं झाकण फिरवत पाणी भरलं. टाकीतल्या नव्वद लिटरांपैकी सहा लिटर तिथं कामी आले. पैसे विचारल्यावर त्यानं दोन्ही हात मागं नेले. चैत्र यात्रेत कोल्हापूरचे दुचाकी मेकॅनिक डोंगराच्या वाटेवर बसून यात्रेकरूंच्या गाड्या फुकट दुरुस्त करून देतात, पंक्चर काढून देतात. त्याच गायमुखापाशी अन्नछत्र चालतं. अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला पैसे विचारले, याचंच मला अवघड वाटलं. त्याला काकवी द्यावी म्हणून मी बाटली आणेपर्यंत तो पुढच्या वळणावर पोचला होता. अनवाणी, आणि आमच्यापेक्षा वेगानं.

डोंगरावर वाहनतळाची जागा आहे. रात्र काढायची तर विचारून काढावी, म्हणून आम्ही राखणदाराला विचारलं. त्यानं गाडीत डोकावून बघितलं, ओटा बघितला, अंथरूण बघितलं आणि "व्हय की, ऱ्हावा" म्हणून एक कडेची जागा दाखवली. जागा उतरती होती. घरगाडीत सपाटीचं महत्त्व झोपेपर्यंत कळत नाही. डोकं पायांपेक्षा चार बोटं खाली गेलं तरी रात्रभर रक्त डोक्यात उतरतं. बेसिनमधलं पाणी भलत्या कोपऱ्यात साचतं. आम्ही विटांचे तुकडे गोळा करून खालच्या बाजूच्या चाकांखाली दिले. पाण्याचा अर्धा भरलेला पेला ओट्यावर ठेवायचा आणि त्यातली रेघ बघायची, ही आबांची युक्ती. चार वेळा गाडी पुढं-मागं केल्यावर रेघ सरळ झाली.

जेवायला मी भाकरी बांधूनच आणल्या होत्या. ओट्यावर फक्त पिठलं केलं. बंद गाडीत गॅस पेटवताना झडप आणि एक खिडकी उघडी ठेवायलाच हवी. ज्वलनातून निघणारा विषारी वायू झोपेतल्या माणसाला कळत नाही. शिवाय स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या कप्प्याला तळाशी भोक ठेवावं लागतं. आमच्या गाडीचं काम पहिल्यांदा ज्या कारखान्यात केलं, तिथं ते भोक ठेवलंच नव्हतं. दुसऱ्याकडून पाडून घेतलं. हौशी माणसांनी या कामात नुसत्या दिसण्यावर जाऊ नये. कायद्याकडंही बघावं. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या तपशिलाला सोडून गाडीत मनमानी बदल करता येत नाहीत. बदलांना परिवहन कार्यालयाची मंजुरी आणि नोंदणीपुस्तकात तशी नोंद हवी, नाहीतर अपघातानंतर विमा कंपनीला हात वर करायला कारण मिळतं. महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं. गाड्या उभ्या करायला जागा, तिथं पाणी, वीज, सांडपाण्याची सोय असं बरंच त्यात आहे. अशी एखादी जागा जोतिबा-पन्हाळा पट्ट्यात झाली तर मला मनापासून आनंद होईल. पन्हाळा २०२५ पासून मराठा लष्करी स्थापत्याच्या बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून जागतिक वारशाच्या यादीत आहे. लोक वाढणार, आणि त्यांचं सांडपाणीही.

पिठलं-भाकरी खाताना मी आबांना एका डॉक्टरची गोष्ट सांगितली. विल्यम गॉर्डन स्टेबल्स हा ब्रिटिश नौदलातला डॉक्टर, नंतर लेखक झाला. त्यानं १८८५ मध्ये ब्रिस्टलच्या वॅगन कारखान्यातून हौसेखातर फिरायला म्हणून एक घर बांधून घेतलं, नाव 'वाँडरर'. अठरा फूट लांब, दोन घोडे ओढायचे. गाडीवान, नोकर, कुत्रा आणि पोपट घेऊन तो इंग्लंडातून स्कॉटलंडपर्यंत गेला. रस्ता मोकळा आहे का बघायला नोकर तीन चाकी सायकलवरून पुढं जायचा. हौसेच्या कॅराव्हॅनचा इतिहास लिहिणारे तिथून सुरुवात करतात.

आबांनी भाकरी मोडता मोडता ऐकलं. "अठराशे पंच्याऐंशी? तवा आमचा पणजा हितंच तट्ट्याच्या गाडीत निजला आसंल की." मग त्यांनी ती गाडी उभी केली माझ्यापुढं. चुलते पुढं चालायचे, हातात कंदील. बायका-पोरं आत. बैलांची चंदी एका पोत्यात, माणसांच्या दशम्या दुसऱ्या पोत्यात, आणि दोन्ही पोती कधी बदलली जायची नाहीत, कारण एकदा बैलांनी दशम्या खाल्ल्या होत्या आणि सगळ्यांनी एक दिवस हरभऱ्यावर काढला होता. मुक्कामाला गाड्या गोलात सोडायच्या, जू खाली टेकवायचं, मधे तीन दगडांची चूल. पाऊस आला की तट्ट्यावर घोंगडी. एकदा चाकाची धाव निखळली, तेव्हा वाटेतल्या गावच्या लोहारानं रात्री भट्टी पेटवून बसवून दिली. त्याला शेवटी काय दिलं ते आबांना आठवत नाही, पण त्याच्या घरात प्यायलेलं ताक आठवतं. स्टेबल्स हौसेनं निघाला आणि आमची माणसं नवसानं, एवढा फरक खरा. चाकावरच्या घरात झोपणं दोघांचं सारखंच होतं.

रात्री वारा सुटला. जोतिबाच्या माथ्यावरचा वारा गाडीला पाळण्यासारखा हलवत होता. टपावरची झडप थडथड वाजायला लागली तशी ती लावून घेतली, आणि तासाभरात काचांवरून पाणी ओघळायला लागलं. तीन माणसांच्या श्वासातली वाफ रात्रभरात पेलाभर तरी पाणी सोडते. पहाटे माझी उशी भिंतीकडून ओली झाली होती. चार वाजता जाग आली ती आवाजानं. वाहनतळाच्या बाजूनं रांगच्या रांग वर येत होती. दार उघडून बाहेर पाहिलं तर खाली सगळं पंचगंगेचं खोरं दिव्यांनी टिपके दिल्यासारखं, आणि त्या काळोखात घाटाच्या वळणांवर बॅटऱ्यांची हलती माळ. गार वारा, वर चांदण्या आणि खालून चढत येणारं "चांगभलं". एका रात्रीच्या गैरसोयीत एवढं पाहायला मिळत असेल तर मी कितीही वेळा ओल्या उशीवर झोपेन.

आबा म्हणाले, चहा ठेव. आपल्यापुरता नको, जास्त ठेव. दार उघडं, वाऱ्यानं गॅस टिकेना, म्हणून विजेची किटली लावली. पंधराशे वॅटची किटली सहा मिनिटं चालली की दीडशे वॅट-तास खाते. आमची बारा व्होल्ट, शंभर अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे सगळी मिळून बाराशे. त्यातली निम्मी रात्रभर फ्रीज आणि पंख्यानं खाल्ली होती. तिसऱ्या किटलीला बॅटरीनं शिट्टी मारली आणि आतले दिवे गेले. तरी अकरा कप झाले. एका आजींनी पेला परत देताना कमरेच्या पिशवीतला चिमूटभर गुलाल माझ्या कपाळाला लावला आणि "देवाचं झालं गं बाई" म्हणून पुढं गेल्या.

उजाडल्यावर पॅनेल बॅटरी भरेल असा हिशेब होता. नऊ वाजले तरी काटा हलेना. नवरा शिडी लावून टपावर चढला तर पॅनेल गुलाबी. वरच्या अंगाला रात्रभर गुलाल उधळला जात होता आणि वाऱ्यानं तो आमच्या टपावर आणून अंथरला होता. पॅनेलवर अशी पूड बसली की ऊन आत पोचत नाही. ओलं फडकं फिरवलं तर त्याचा लेप झाला. गुलाल आधी कोरड्या मऊ झाडूनं झाडायचा, मग पाणी. हे आता आम्हाला पक्कं ठाऊक आहे. झडपेच्या फटींतून तो आतही उतरला होता. चादरी, ओटा, आबांचं पांढरं धोतर, सगळं त्याच रंगाचं. मी झटकायला गेले तर आबांनी धोतराचा सोगा ओढून घेतला. "ऱ्हाऊ दे. घरापतूर ऱ्हाऊ दे."

अंघोळीला आम्ही गुरवांच्या घरी गेलो. जोतिबाचे पुजारी गुरव. वाडी रत्नागिरी या गावात त्यांची घरं आहेत आणि गावोगावच्या भक्तांचे गुरव पिढ्यानपिढ्या ठरलेले असतात. आमच्या घराण्याचं त्यांच्याकडं येणं कधीचं तुटलं होतं. आबांनी गावाचं नाव सांगितलं, आपल्या वडिलांचं सांगितलं. घरातल्या म्हाताऱ्या गुरवांनी थोडा वेळ डोळे मिटले आणि आमच्या वाड्यासमोरच्या चिंचेची खूण विचारली. चिंच आता नाही. पण ती विचारली गेली आणि आबा उंबऱ्यावरच बसले. गरम पाण्याचा बंब, तांब्या, दगडी न्हाणी. गाडीतल्या फवाऱ्याखाली दोन लिटरात केलेल्या अंघोळीनंतर ती न्हाणी म्हणजे ऐश्वर्य होतं.

देवळांच्या आवारात काळ्या दगडाचीच सत्ता. आजचं मुख्य मंदिर १७३० मध्ये राणोजी शिंद्यांनी बांधलं. ग्वाल्हेरच्या शिंदे घराण्याचे हे मूळपुरुष, आणि जोतिबा त्यांचं कुलदैवत. शेजारचं केदारेश्वराचं देऊळ १८०८ चं, दौलतराव शिंद्यांचं. तिसरं रामलिंगाचं, १७८० मध्ये मालजी निलम पन्हाळकरांनी बांधलेलं. त्याहीआधी इथं कऱ्हाडजवळच्या किवळच्या नावजी सायांनी छोटं देऊळ बांधलं होतं, असं सांगतात. किवळचं नाव निघालं की आमच्याकडच्या माणसाची छाती थोडी पुढं येते, तशी आबांचीही आली. रत्नासुराला मारलं म्हणून डोंगराचं नाव रत्नागिरी. कोल्हासुराशी लढताना अंबाबाईच्या मदतीला आला तो हा दख्खनचा राजा. घोडा त्याचं वाहन. दगडाच्या सांध्यासांध्यांत गुलाल बसलेला असतो. तो वर्षानुवर्षांचा आहे, पावसातही पुरता धुवून जात नाही. चैत्रात याच आवारात सासनकाठ्या येतात. एक गडी काठी अंगावर पेलून नाचतो आणि चार बाजूंनी तोरण्यांचे दोर धरून बाकीचे तिचा तोल राखतात. आबांच्या वडिलांनी एकदा तोरणी धरली होती. दोरानं तळहात सोलले, ते घरी जाईपर्यंत झाकून ठेवले, ही गोष्ट त्यांनी मला दीपमाळेपाशी पहिल्यांदाच सांगितली. एकाच घरात इतकी वर्षं राहून ती निघाली नव्हती.

दुपारी निघालो. पायथ्याशी पोहाळ्याची जुनी बौद्ध लेणी आहेत, खांबांचा विहार आणि भोवती भिक्षूंच्या खोल्या. ती बघायची होती. टाकी आता जवळजवळ रिकामी, गाडी हलकी. तरी उतारावर दुसऱ्या गिअरमध्येच राहायचं. नुसत्या ब्रेकवर जड गाडी उतरवली की ब्रेक तापतात आणि ऐन वळणावर धरत नाहीत. नवऱ्यानं तेच केलं. इंजिन गुरगुरत गाडी रोखून धरत होतं.

दुसऱ्या वळणावर आबा म्हणाले, "थांबीव."

मला वाटलं मळमळतंय. ते दार उघडून काठी टेकत खाली उतरले. "उताराला गाडीत बसत न्हाईत. बैलांवर भार पडतो." नवरा काही बोलणार होता, मी त्याला खुणेनं थांबवलं. आबा मागं गेले, गाडीच्या मागच्या पत्र्यावर त्यांनी पालथा हात ठेवला आणि हळूहळू चालू लागले. मी त्यांच्या शेजारी. नवरा पहिल्या गिअरमध्ये पावलापावलानं गाडी सोडत होता. समोरून उशिरा निघालेले खेटेकरी चढत होते. गुलालानं माखलेली गाडी आणि तिच्या मागं हात टेकून चालणारा गुलाबी धोतरातला म्हातारा बघून ते कडेला झाले. कुणी हसलं नाही. चांगभलं म्हणाले. आबांनी हात न काढता उत्तर दिलं.

शंभर-सव्वाशे पावलं झाली असतील. वळण सरलं, रस्ता थोडा सपाट झाला, तसा त्यांनी पत्र्यावर दोनदा थाप मारली, बैलाच्या पाठीवर मारावी तशी. गाडी थांबली. आत चढून बसल्यावर त्यांनी तांब्याभर पाणी मागितलं, प्यायले आणि म्हणाले, "चला. ऊन कलायच्या आत लेणी बघू."